आयनिक द्रवातला प्रोटॉन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टवाल्या मुलामुलींकडून, पीएच.डी.ला नुकत्याच लागलेल्यांकडून आणि कनिष्ठ महाविद्यालयांतल्या काही शिक्षकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, वाकडे नंतर. तीच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर ५ आणि ८ वाचा. निम्मे घोटाळे तिथेच होतात.

१. आयनिक द्रव म्हणजे मिठाचं पाणीच ना?

नाही. मिठाच्या पाण्यात मुख्य माल पाणी, आणि आयन त्यात विखुरलेले. आयनिक द्रवात पाणी नसतं, दुसरा कुठला द्रावकही नसतो. बाटलीत फक्त धन आणि ऋण आयन. साधं मीठ वितळवलं तरी असाच द्रव मिळतो, पण त्यासाठी ८०१ अंश सेल्सिअस लागतात. आयन मोठे आणि वेडेवाकडे असले, त्यांच्यावरचा विद्युतभार पसरलेला असला, की त्यांना स्फटिकात नीट रचून बसता येत नाही आणि द्रवणांक खाली येतो. १०० अंशांच्या खाली वितळणाऱ्या क्षाराला आयनिक द्रव म्हणायचं असा संकेत आहे. ही रेघ माणसांनी सोयीसाठी ओढली आहे. १०४ अंशांना वितळणारा क्षार वेगळ्या जातीचा नसतो.

पॉल वॉल्डेन यांनी १९१४ साली नोंदवलेलं इथिलअमोनियम नायट्रेट सुमारे १२ अंशांना वितळतं. नागपुरात जानेवारीच्या पहाटे पारा त्याच्याही खाली उतरतो. तेव्हा थंड खोलीतल्या बाटलीत खडे दिसले तर माल बिघडला असं समजू नका.

२. सगळ्याच आयनिक द्रवांत प्रोटॉन फिरतो का?

नाही. इथे दोन घराणी आहेत. एक अप्रोटिक: उदाहरणार्थ ईएमआयएम-टीएफएसआय (इमिडाझोलियमचा धन आयन आणि टीएफएसआय हा फ्लोरिनयुक्त ऋण आयन). त्यात हायड्रोजन भरपूर आहेत, पण सगळे कार्बनला जखडलेले. तो द्रव वीज वाहून नेतो, प्रोटॉन नाही. दुसरं घराणं प्रोटिक: आम्ल आणि आम्लारी सरळ एकमेकांत मिसळायचे, आम्लाचा प्रोटॉन आम्लारीकडे जातो आणि क्षार तयार. इथिलअमिन अधिक नायट्रिक आम्ल म्हणजे वरचं इथिलअमोनियम नायट्रेट. या पानावरचे जवळजवळ सगळे प्रश्न या दुसऱ्या घराण्याबद्दल आहेत.

३. वीज म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रवाह असं शाळेत शिकवतात. मग द्रवातून कोण जातं?

आयन. इलेक्ट्रॉन तारेतून इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. पुढचा प्रवास धन आयन एका बाजूला, ऋण आयन दुसऱ्या बाजूला असा होतो. पृष्ठभागावर देवाणघेवाण करणारी एखादी अभिक्रिया असेल तर प्रवाह चालू राहतो, नसेल तर आयन इलेक्ट्रोडजवळ गर्दी करतात आणि प्रवाह मंदावतो. मोजमापाची अर्धी डोकेदुखी यातूनच येते. ती प्रश्न १० मध्ये आहे.

प्रोटॉन म्हणताना एक ध्यानात ठेवा: द्रवात उघडा, एकटा प्रोटॉन कधीच फिरत नाही. त्याला इलेक्ट्रॉनचं कवचच नाही, म्हणून तो कुठल्या तरी नायट्रोजन, ऑक्सिजनला चिकटलेलाच सापडतो. खरा प्रश्न एवढाच, की तो किती वेळा घर बदलतो.

४. प्रोटॉन पुढे सरकतो तो नेमका कसा? ग्रोथस यंत्रणा साध्या शब्दांत सांगा.

घराचा स्लॅब पडताना पाहिला असेल. एक पद्धत अशी, की मजूर बाई डोक्यावर काँक्रीटचं घमेलं घेऊन फळीवरून वर जाते, ओतते आणि रिकामं घेऊन परत येते. दुसरी पद्धत म्हणजे खालपासून वरपर्यंत माणसं ओळीत उभी, आणि घमेलं हातोहात वर. दुसऱ्या पद्धतीत जागचं कोणी हलत नाही, माल मात्र झपाट्याने वर पोचतो.

पहिल्या पद्धतीला व्हेइकल यंत्रणा म्हणतात. हे नाव १९८२ मध्ये क्रॉयर, राबेनाऊ आणि वेप्नर यांच्या लेखातून रूढ झालं. दुसरी ग्रोथस यंत्रणा. थिओडोर फॉन ग्रोथस यांनी १८०६ मध्ये पाण्याच्या विद्युत अपघटनासाठी साखळीची कल्पना मांडली, तेव्हा पाण्याचं रेणुसूत्रसुद्धा पक्कं नव्हतं. आज आपण जे शिकवतो ते बरंच नंतरचं आहे, नाव मात्र त्यांचंच राहिलं.

पाण्यात याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २५ अंशांना अतिविरल द्रावणात प्रोटॉनची मोलर वाहकता सुमारे ३५० सिमेन्स वर्ग सेंटिमीटर प्रति मोल, पोटॅशियमची ७३.५, सोडियमची ५०. प्रोटॉन सोडियमच्या सातपट.

परीक्षेत बहुतेक जण एक गोष्ट गाळतात. घमेलं पुढे दिल्यावर माणसाला पुन्हा मागे वळावं लागतं, नाहीतर पुढचं घमेलं घेणार कोण? रेणूंचंही तसंच. उडी मारल्यावर हायड्रोजन बंधांची दिशा बदलावी लागते, रेणू वळावा लागतो. पाण्यात हे सगळं एक-दोन पिकोसेकंदांत उरकतं. दाट, म्हणजे सहज न वाहणाऱ्या, द्रवात उडीपेक्षा हे वळणंच जास्त वेळ खातं.

५. मग प्रोटिक आयनिक द्रवात प्रोटॉन उड्याच मारत असणार ना? नावातच प्रोटिक आहे.

बहुतेक वेळा नाही. सगळ्यात जास्त चुकणारं उत्तर हेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

डायइथिलमिथिलअमोनियम ट्रायफ्लेट घ्या. ट्रायफ्लिक आम्ल हे अतिप्रबळ आम्ल, आणि समोरचं अमिन बऱ्यापैकी प्रबळ आम्लारी. मिसळल्याबरोबर प्रोटॉन अमिनकडे गेला आणि तिथे खोल खड्ड्यात बसला. आता तो उडी मारून जाणार कुठे? शेजारी ट्रायफ्लेट आयन आहे, पण त्याला प्रोटॉन नकोच आहे. त्याने तर तो आत्ताच टाकला. दुसऱ्या बाजूला आणखी एक अमोनियम आयन, पण त्याच्याकडे आधीच प्रोटॉन आहे आणि नायट्रोजनवर दुसऱ्याला जागा नाही. रांगेतल्या प्रत्येक माणसाच्या हातात भरलेलं घमेलं आहे आणि मधूनमधून उभ्या असलेल्यांनी हात मागे बांधलेत. अशा रांगेतून माल पुढे जात नाही. मग प्रोटॉन आपल्या अमोनियम आयनाच्या अंगावर बसून, त्याच्याच वेगाने, दाट द्रवातून वाट काढत जातो. म्हणजे व्हेइकल.

पेच असा: प्रोटॉनचं हस्तांतर जितकं पूर्ण, तितके आयन जास्त, बाष्प कमी, द्रव टिकाऊ, आणि तितक्याच उड्या कमी. चांगला आयनिक द्रव करण्यासाठी जे करावं लागतं तेच उडीचा जीव घेतं. वाहकता चांगली दिसली म्हणून प्रबंधात ग्रोथस लिहून टाकणाऱ्यांनी हे वाक्य वहीवर लिहून ठेवावं.

६. आम्ल आणि आम्लारीच्या पीकेएत किती फरक हवा?

पीकेए म्हणजे आम्लाची ताकद सांगणारा आकडा; आम्लारीसाठी तो त्याच्या प्रोटॉन घेतलेल्या रूपाचा धरतात. पाण्यातल्या पीकेएवरून ८ ते १० किंवा जास्त फरक असला तर हस्तांतर जवळजवळ पूर्ण, असा ढोबळ अंदाज वापरतात. इथिलअमोनियम नायट्रेटमध्ये हा फरक १२ च्या आसपास आहे. पण आकडा पाण्यातला आणि तुमच्या बाटलीत पाणी नाही, हे विसरू नका. नायट्रोजनवर हायड्रोजन किती, हायड्रोजन बंध किती बनतात, यावरही निकाल फिरतो. त्यामुळे एकाच फरकाच्या दोन जोड्या वेगळ्या वागू शकतात.

७. उड्या हव्याच असतील तर काय करायचं?

प्रोटॉन घ्यायला तयार असलेला, पण घेऊन घट्ट धरून न ठेवणारा शेजारी पुरवायचा. सर्वांत सरळ मार्ग म्हणजे आम्लारी जादा घालणं. योकोहामाच्या वातानाबे यांच्या गटाने २००३ मध्ये इमिडाझोल आणि टीएफएसआय आम्ल वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून पाहिलं. इमिडाझोलला दोन नायट्रोजन: एकाकडून देतो, दुसऱ्याकडून घेतो. समप्रमाणातला क्षार ७३ अंशांना वितळतो. इमिडाझोल जादा असलेल्या मिश्रणांत मात्र प्रोटॉनचं विसरण (डिफ्यूजन) इमिडाझोलच्या रेणूपेक्षा वेगाने होतं असं एनएमआरमध्ये (अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादाच्या मोजमापात) दिसलं. म्हणजे काही प्रोटॉन घर बदलत होते. सगळे नव्हे, व्हेइकल त्यातही चालूच असते.

दुसरा मार्ग म्हणजे देणारा आणि घेणारा एकच ठेवणं. फॉस्फोरिक आम्ल त्याचा आदर्श नमुना. ४२ अंशांना वितळतं, मधासारखं दाट, आणि तरी त्यातली सुमारे ९८ टक्के वाहकता उड्यांमधून येते असा क्रॉयर यांच्या गटाचा हिशेब आहे. ते आयनिक द्रव नाही, पण डायहायड्रोजन फॉस्फेट हा ऋण आयन वापरण्यामागची आशा तिथूनच आली.

इमिडाझोलबद्दल एक इशारा: ते प्लॅटिनमच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि उत्प्रेरक मंद करतं. कागदावर सुंदर दिसणारी जोडी इंधनघटात (फ्युएल सेलमध्ये) रुसते ती अनेकदा याचमुळे.

८. माझ्या द्रवाची वाहकता १० मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर आली. यातला प्रोटॉनचा वाटा किती?

या एका आकड्यावरून काहीही सांगता येत नाही. इम्पीडन्सचं मोजमाप (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा अडथळा) सगळ्या आयनांची एकत्र बेरीज देतं. प्रोटॉन नसलेल्या ईएमआयएम-टीएफएसआयची वाहकतासुद्धा २५ अंशांना ९ च्या आसपास असते.

वाटा काढायला दुसरं मोजमाप लागतं. ग्रेडियंट प्रोब असलेल्या एनएमआरवर विसरण गुणांक काढा: नायट्रोजनवरच्या प्रोटॉनचा वेगळा, त्याच धन आयनातल्या कार्बनवरच्या हायड्रोजनचा वेगळा, ऋण आयनाचा वेगळा. पहिले दोन सारखे आले तर प्रोटॉन आयनावर बसून जातो आहे. पहिला जास्त आला तर घरं बदलली जात आहेत. पण आधी पाणी तपासा (प्रश्न १२). नमुना बाहेरगावी पाठवत असाल तर नुसतं ‘एनएमआर करून द्या’ लिहू नका. ग्रेडियंट आणि तापमान स्पष्ट लिहा, नाहीतर साधा स्पेक्ट्रम येईल आणि महिना जाईल.

मग या विसरण गुणांकांवरून नेर्न्स्ट-आइन्स्टाइन समीकरणाने वाहकता काढा आणि मोजलेल्या वाहकतेला तिने भागा. सहसा उत्तर एकापेक्षा कमी येतं, कारण धन-ऋण आयन जोडीने हलले तर विसरण मोजलं जातं पण वीज वाहत नाही. एकापेक्षा जास्त आलं तर मात्र कान टवकारा: रेणू हलले त्यापेक्षा भार जास्त हलला आहे.

९. वॉल्डेन आलेखात माझा बिंदू रेषेच्या वर आला. ग्रोथस सिद्ध झाला ना?

संशयाला जागा झाली, सिद्ध काही झालं नाही. आलेखात मोलर वाहकता आणि दाटपणाचा (व्हिस्कॉसिटीचा) व्यस्तांक दोन्हींचे लॉगॅरिदम मांडतात, आणि संदर्भाची रेषा पोटॅशियम क्लोराइडच्या विरल जलीय द्रावणावरून घेतात. ती रेषा आयनिक द्रवांसाठी देवाने आखून दिलेली नाही. छोटा आयन असेल, दाटपणा चुकीच्या तापमानाला मोजला असेल, घनता अंदाजाने घेतली असेल, तरी बिंदू वर सरकतो. खूप वर, आणि तापमान बदललं तरी वरच राहिला, तर बोला. रेषेच्या खाली खोल गेला तर हस्तांतर अपुरं आहे किंवा आयन जोड्या करून बसलेत, हे निदान जास्त भरवशाचं.

१०. मल्टिमीटरने रोध मोजून वाहकता काढली तर चालेल का?

नाही. मल्टिमीटर एकदिश प्रवाह देतो, इलेक्ट्रोडवर आयन साचतात आणि काटा सरकतच राहतो. प्रत्यावर्ती प्रवाह हवा, शक्यतो बरीच मोठी वारंवारता-श्रेणी घेऊन. सेल स्थिरांक आधी काढा: ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडची वाहकता २५ अंशांना १२.८८ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर असते.

११. तापमानाचा किती फरक पडतो? आमच्या लॅबमध्ये एसी नाही.

भरपूर. आयनिक द्रवाचा दाटपणा तापमानाला फार हळवा असतो. २५ अंशांचं मोजमाप मेमध्ये ४० अंशांच्या खोलीत केलं तर वाहकता सहज दीडपट येते. डिसेंबरातल्या आणि मेमधल्या बॅचची तुलना करून ‘नवीन बॅच सुधारली’ असं लिहिलेले अहवाल नागपुरात निघतात ते असे. पाण्याचा थर्मोस्टॅट बाथ वापरा, आणि नवतपात तो खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही हे धरून ४५ किंवा ५० अंशांना मोजायचं ठरवा. आकडा कुठल्याही तापमानाचा चालतो, तापमान न लिहिलेला मात्र चालत नाही.

वाहकतेचा लॉगॅरिदम आणि तापमानाचा व्यस्तांक यांचा आलेख काढताना सरळ अऱ्हेनिअस रेषेचा हट्ट धरू नका. बहुतेक आयनिक द्रवांत वक्र येतो, तो फोगेल-फुल्चर-टामान समीकरणात बसतो. छोट्या तापमान-पट्ट्यात सरळ रेषा ओढून ‘सक्रियण ऊर्जा’ काढता येते, पण ती पट्ट्यागणिक बदलते.

१२. पाण्याचा अंश किती बिघाड करतो?

वाटतं त्याहून जास्त. पाणी दाटपणा कमी करतं, त्यामुळे वाहकता वाढते. शिवाय पाणी स्वतः प्रोटॉन घेतं-देतं, त्यामुळे प्रश्न ८ मधला विसरण गुणांक फुगतो: जलद पाण्याचा आणि नायट्रोजनवरच्या प्रोटॉनचा सिग्नल मिसळून एकच सरासरी दिसते आणि वाटतं, सापडला ग्रोथस. कार्ल फिशर मोजमापाशिवाय (पाण्याचा अंश मोजणाऱ्या चाचणीशिवाय) प्रोटॉनच्या उडीबद्दल केलेला कुठलाही दावा मी वाचून बाजूला ठेवतो.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळे सावध असतात. फसगत होते ती एप्रिल-मेमध्ये. बाहेर हवा खडखडीत कोरडी, म्हणून बाटली उघडी ठेवली जाते. पण खिडकीत कूलर चालू असतो, आणि तो दिवसभर खोलीत पाण्याची वाफच ढकलत असतो.

वाळवतानाही सापळा आहे. प्रोटिक द्रव निर्वातात तापवला की थोडा प्रोटॉन मागे जातो, अमिन किंवा आम्ल उडून जातं आणि समप्रमाण मोडतं. अॅसिटेट असेल तर व्हिनेगरचा वास येतो, तेव्हा नाकालाच कळतं. बाकी वेळी कळत नाही. वाळवल्यानंतर प्रमाण पुन्हा तपासा. जादा आम्लारी राहिला तर नकळत प्रश्न ७ मधला प्रयोग होऊन बसतो.

१३. हस्तांतर अपुरं असूनही वीज वाहते, असं वाचलं. हे कसं?

एन-मिथिलइमिडाझोल आणि अॅसेटिक आम्ल समप्रमाणात मिसळा. पीकेएतला फरक दोन-अडीचचा, म्हणून बहुतेक रेणू उदासीनच राहतात. आयन थोडेच, तरीही मिश्रण त्या मानाने चांगली वीज वाहून नेतं. अशांना छद्म-प्रोटिक आयनिक द्रव म्हणतात. स्पष्टीकरण प्रश्न ५ च्या उलट आहे: इथे आयन कमी, पण प्रोटॉन घेणारे मोकळे हात भरपूर, आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या ओढीत फार अंतर नाही. प्रोटॉनची अदलाबदल हा भार वाहण्याचा मोठा मार्ग मानला जातो. वाद अजून चालू आहे, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात रंगतदार कोपरा हाच.

१४. ड्युटेरियम घालून वाहकता कमी झाली. आता तरी उडी सिद्ध?

तुलना कशाशी केली ते आधी सांगा. जड पाण्यात प्रोटॉनच्या जागी ड्युटेरॉन गेला की वाहकता सुमारे १.४ पटीने घटते, पण त्याच जड पाण्यात पोटॅशियमचीही साधारण १.२ पटीने घटते, आणि पोटॅशियम काही उड्या मारत नाही. जड पाणी मुळात जास्त दाट आहे. म्हणून दाटपणाचा वाटा वजा करा, उरेल त्याबद्दल बोला.

१५. द्रव थंड होऊन काचेसारखा थिजला तरी वाहकता कशी उरते?

उड्यांचा सर्वांत स्वच्छ पुरावा इथे मिळतो. व्हेइकलने चालणाऱ्या द्रवात रेणू थिजले की आयनही थिजतात; काच-संक्रमण तापमानाला वाहकता १०⁻¹⁵ सिमेन्स प्रति सेंटिमीटरच्या घरात येते. पण प्रोटॉन उड्या मारत असेल तर रेणू जागीच असूनही भार पुढे सरकतो आणि वाहकता त्याहून कितीतरी पट जास्त राहते. पोलंडमधल्या वोज्नारोव्स्का आणि पालुख यांच्या गटाने प्रोकेन हायड्रोक्लोराइड या बधिरीकरणाच्या औषधाच्या क्षारात हे वेगळेपण दाखवलं. तापमानाऐवजी दाब वाढवूनही हीच चाचणी करता येते.

१६. यावर इंधनघट चालतो का? कोराडीचा धूर बंद होईल का?

नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीजकेंद्राचं राहू द्या. प्रश्न आकाराचा आहे, इथे मिलिमीटरच्या थरांची गोष्ट चालली आहे.

इंधनघट मात्र चालतो. नॅफिऑन या प्रोटॉनवाहक बहुलकाचा पडदा पाण्यावर जगतो, म्हणून तो साधारण ८० अंशांना वापरतात. बिनपाण्याचा प्रोटॉनवाहक मिळाला तर १०० च्या वर जाता येतं, हे सगळ्या धडपडीचं कारण. २००७ मध्ये डायइथिलमिथिलअमोनियम ट्रायफ्लेटवर १५० अंशांना, ओलावा न देता, १.०३ व्होल्ट खुल्या परिपथाचा विद्युतदाब मिळाला.

अडचण प्रश्न ५ मधलीच. प्रोटॉन अमोनियमवर बसून कॅथोडला पोचला, पाणी तयार झालं, आणि मागे उरलं रिकामं अमिन. त्याला अॅनोडपर्यंत परत यावंच लागतं. प्रवाह वाढवला की परतीची ही वाहतूक तुंबते आणि व्होल्टेज कोसळतं. शिवाय द्रव पडद्यातून झिरपतो.

१७. ‘हरित द्रावक’ म्हणतात. हाताळायला सुरक्षित आहेत ना?

बाष्प जवळजवळ नसतं, एवढ्यापुरतं हरित. हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट आणि टेट्राफ्लुओरोबोरेट पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन फ्लुओराइड सोडू शकतात. ते काच खातं आणि हाडापर्यंत जातं. इथिलअमोनियम नायट्रेटमध्ये इंधन आणि ऑक्सिडीकारक एकाच क्षारात आहेत, तेव्हा ते कोरडं करून जोरात तापवायचं नाही. करताना भांडं बर्फात ठेवून आम्ल थेंबाथेंबाने घाला, उष्णता प्रचंड निघते. आणि उरलेला माल बेसिनमध्ये ओतू नका. लेबल लावलेल्या वेगळ्या कॅनमध्ये जमा करा, त्यावर ऋण आयनाचं नाव नक्की लिहा.